पाडसाचा सत्कार

मी वनरक्षक आहे. घरी लोहाऱ्याला गेले आणि हे कुणाला सांगितलं की समोरचा विचारतो, "म्हणजे झाडं लावता का?" लावतो आम्ही. झाडं लावतो, वणवा विझवतो, उन्हाळ्यात पाणवठे भरतो आणि उरलेला वेळ, म्हणजे बहुतेक वेळ, माणसांशी भांडतो. अब्बांचं तहसीलसमोर शिलाईचं दुकान आहे. माझा खाकी गणवेश त्यांनीच शिवला आणि ठरल्यापेक्षा दोन खिसे जास्त लावले, कारण रानात सामान लागतं असं त्यांचं मत. त्या खिशांत मी एक दिवस सोडला तर शेंगदाण्यांशिवाय काही ठेवलेलं नाही.

माझ्या वाट्याला आलेलं रान येडशीच्या डोंगरात आहे. लांबून बघितलं तर याला डोंगर म्हणावं की जमिनीचा जरा मोठा बांध, असा प्रश्न पडतो. कडेला जाऊन उभं राहिलं की मग दरी दिसते आणि माणूस दोन पावलं मागं सरकतो. खाली देवळाकडं गर्दी असते. लोक दर्शन घेतात, माकडं त्यांच्या हातातला प्रसाद घेतात, धबधबा चालू असेल तर फोटो होतात आणि मग गणवेश दिसला की मला विचारलं जातं, "मॅडम, वाघ कुठं दिसंल?" या भागात वाघ फिरतोय अशा बातम्या झाल्यापासून हा प्रश्न वाढलाय. मला तो दिसलेला नाही. त्याला मी दिसले असेन.

ज्या जागेबद्दल लिहितेय तिथं मात्र कुणी येत नाही. दरीच्या वर पठार आहे, आणि पठारावर दोन टेकड्यांच्या मधल्या खोलगटीत एक तळं. पावसाळ्यात त्याचं पाणी चहासारखं असतं, दसऱ्याच्या सुमारास निवळतं आणि मग त्यात टेकडी उलटी दिसायला लागते. काठावर मुरूम, मुरमाच्या वर कुसळीचं गवत, त्याच्या वर हिवराची आणि बोराची झुडपं, मधूनमधून सीताफळ. पाण्यात एक वठलेलं झाड आहे, त्यावर पाणकावळे पंख वाळत घालून बसतात. टिटव्या आहेत, त्या मला ओळखतात आणि तरीही ओरडतात. आणि चिंकारे आहेत. चिंकारा म्हणजे शेळीएवढं, मातकट रंगाचं हरीण. उभं राहिलं तर दिसत नाही, फक्त शेपूट सारखी हलत असते म्हणून सापडतं. वाघ बघायला आलेल्या माणसाला ते दाखवलं तर तो म्हणतो, "हां, हरीण हाय."

हे सगळं अभयारण्यात येतं. त्यामुळं इथलं गवत कापायला बंदी आहे. ही बंदी राखणं माझं काम, आणि ते मी जरा जास्तच मन लावून करत होते. त्या आश्विनात, ज्या दिवसाची गोष्ट सांगतेय त्याच्या आठ दिवस आधी, मी पठाराच्या कडेला एका आजीला पकडलं. पायथ्याच्या गावातल्या. वय सत्तरच्या पुढं, डोक्यावर गवताचा भारा, हातात विळा. मी अडवल्यावर त्या म्हणाल्या, "गवात काय तुमच्या आब्बानं लावलंय व्हय?"

"नाही लावलं. पण राखायला मला ठेवलंय."

"मंग राखा की. म्या काय समदंच न्हेलं का?"

मी पंचनामा लिहिला, विळा जप्त केला आणि पुन्हा दिसलात तर केस होईल असं बजावलं. आजींनी कागदावर अंगठा उठवला, भारा तिथंच टाकला आणि माझ्याकडं न बघता डोंगर उतरून गेल्या. संध्याकाळी मी नोंदवही भरली तेव्हा अक्षरसुद्धा चांगलं आलं. मी स्वतःवर खूश होते, हे लपवण्यात अर्थ नाही.

मग तो फोन आला. दुपारचे अडीच वाजले होते. त्याच गावचे सरपंच बोलत होते. "मॅडम, आपल्या गावात हरणाचं पाडस घावलंय. काल सकाळधरनं हाय. तुमी या, कार्यक्रम ठिवलाय."

पाडस सापडलं हे समजलं. कार्यक्रम कशाचा, ते समजलं नाही.

गावात पोचले तर मारुतीच्या पारावर सतरंजी अंथरलेली. सतरंजीवर एक पाट, पाटावर घडी घातलेली गोधडी आणि गोधडीवर ते पाडस. मांजरीएवढं. कान डोक्यापेक्षा मोठे. पाय पोटाखाली घेऊन, मान लांबवून, हनुवटी गोधडीला टेकवून पडलेलं. त्याच्या पाठीवर शाल होती. समोर नारळ होता. म्हणजे त्याचा सत्कार होऊन गेला होता. आपल्याकडं कुणी काही केलं की शाल-नारळ, कुणी काही केलं नाही तरी शाल-नारळ. पाडसानं काय केलं होतं हे मी विचारलं नाही.

बाया ताट घेऊन आल्या होत्या. मला कुंकू लावायचं की नाही यावर त्यांची थोडी कुजबुज झाली. शेवटी मला एक गुलाबाचं फूल देऊन त्यांनी हळदीकुंकू पाडसाला लावलं. तेही त्यांचं दुसऱ्यांदा होतं, कारण कपाळावर सकाळचं वाळलेलं दिसत होतं. त्याचं नावही ठेवलं होतं. ते मी इथं लिहीत नाही. गावातल्या एका माणसाचं तेच नाव आहे आणि त्याला ते अजून आवडलेलं नाही.

"किती गुणी हाय बगा मॅडम," सरपंच म्हणाले. "कालधरनं जरा म्हनून हललं न्हाय. एवढी मान्सं, पन भीती न्हाय त्याला. मानसाळलंय."

माणसाळलं नव्हतं. चिंकाऱ्याचं पाडस जन्मलं की हरणी त्याला गवतात लपवते आणि लांब जाऊन चरते. दिवसातून तीन-चार वेळा येते, पाजते, पुन्हा जाते. ती येईपर्यंत पाडसानं हलायचं नाही, आवाज करायचा नाही. लांडगा वास घेत चार पावलांवरून गेला तरी नाही. पोटातून शिकून आल्यासारखं त्याला हे येत असतं. हे आपल्या लोकांना ठाऊक नसतं. गवतात एकटं पडलेलं लेकरू दिसलं की आईनं टाकलं असं वाटतं आणि ते उचलून घरी आणतात. वाईट बुद्धीनं कुणीच आणत नाही. चांगल्या बुद्धीनं आणतात म्हणून ओरडताही येत नाही.

मला हे ठाऊक होतं, कारण माझ्या आधीच्या नेमणुकीत असंच एक पाडस मी स्वतः उचललं होतं. नवीन होते. गवतात सापडलं, एकटं होतं, नेलं. खोलीत खोकं केलं, बाटलीनं गाईचं दूध पाजलं, तीन दिवस जवळ बसले. तिसऱ्या दिवशी दुपारी ते मेलं. त्यानंतर मी वाचलं, विचारलं, शिकले. आधी शिकायला हवं होतं.

त्यामुळं पारावर उभी राहून मी एवढाच हिशोब करत होते: काल सकाळी उचललेलं पाडस, आज दुपार. आई अजून त्या जागेवर येत असेल. आज दिवस मावळायच्या आत हे तिथं ठेवलं तर जगेल. उद्या ती येईलच असं सांगता येत नाही, आणि तोवर हे उरेल असंही नाही. पण जागा तीच हवी. अंदाजानं रानात कुठंही ठेवलं तर ते लांडग्याला वाढून ठेवल्यासारखं.

"कुणाला सापडलं?" मी विचारलं.

सरपंचांनी हात केला. गर्दीच्या मागं, भिंतीला टेकून, त्याच आजी बसल्या होत्या.

"कुठं सापडलं आजी?"

त्यांनी काही म्हणायच्या आत चार जणांनी सांगितलं. हायवेच्या कडेला. कुत्री मागं लागली होती. दोन कुत्री. नाही, पाच. आजींनी दगड मारून हाकलली. एका बाईच्या म्हणण्याप्रमाणं आजींनी पाडस पदरात घेतलं तेव्हा त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. एका दिवसात गोष्ट बरीच वाढली होती आणि पाडस तेवढंच होतं.

आजी जमिनीकडं बघत म्हणाल्या, "रस्त्यालाच व्हतं."

तेवढ्यात माझ्या साहेबांचा फोन आला. त्यांनाही कुणीतरी फोटो पाठवला होता. "पाडस ऑफिसला घेऊन या. नोंद करा. सकाळी बघू पुढं कुठं पाठवायचं." मी हो सर म्हणाले. हो सर म्हणायला काही लागत नाही. मग सरपंचांना सांगितलं की मी पाडस घेऊन निघते.

"आसं कसं मॅडम? फ्लेक्स यायलाय."

येरमाळ्याला फ्लेक्स छापायला टाकला होता. त्यावर पाडस मधोमध, खाली सरपंच आणि सदस्य. फ्लेक्स आला की तो लावून, त्याच्यासमोर पाडसाला घेऊन फोटो काढायचा होता. फ्लेक्स घेऊन निघालेला माणूस अर्ध्या तासापासून पाच मिनिटांवर होता. मी घड्याळ बघितलं. साडेतीन.

माझा आवाज चढतो. हा माझा दोष आहे, अम्मी लहानपणापासून सांगते. मी म्हणाले की फोटो पाहिजे असेल तर माझ्याबरोबर काढा, मी हलतेय तरी. हे जनावर संध्याकाळपर्यंत मेलं तर तुमच्या फ्लेक्सवर मेलेल्या हरणाचा फोटो राहील. सरपंच दुखावले. त्यांनी शाल उचलून घडी केली आणि नारळ मात्र माझ्या हातात दिला, कारण सत्काराचा नारळ परत घेत नाहीत. अब्बांनी जास्तीच्या लावलेल्या एका खिशात तो मावला.

मी पाडस उचलायला वाकले तर आजी पुढं आल्या आणि त्यांनीच ते उचललं. "दूध पाजायचं ऱ्हायलंय," एवढंच म्हणाल्या आणि घराकडं चालू लागल्या. मी मागं गेले. चालताना माझं लक्ष त्यांच्या लुगड्याकडं गेलं. काठाला वीतभर उंचीपर्यंत कुसळं टोचलेली होती. हायवेच्या कडेला मैलभर गाजरगवताशिवाय काही उगवत नाही. कुसळी वर, पठारावर, तळ्याच्या अंगाला असते. माझ्या मोज्यांत रोज असते.

म्हणजे आठ दिवसांपूर्वी मी दम दिला होता, आणि आजी काल पुन्हा तिथंच गेल्या होत्या. खरी जागा सांगितली तर अभयारण्यात शिरल्याचं कबूल करावं लागणार आणि समोर केस करणारी बाई उभी. हायवे, कुत्री आणि दगड हे सगळं माझ्या पंचनाम्यातून निघालं होतं.

आजींचं घर गावाच्या टोकाला. अंगणात एक काळी शेळी बांधलेली. पाडस दिसताच ती दावं ताणून ओरडायला लागली. आजींनी पाडस तिच्या कासेला धरलं. ते उभं राहीना, म्हणून पोटाखाली हात घालून उचलून धरलं. शेळीनं ते हुंगलं आणि शांत उभी राहिली. तिचं करडू पाच दिवसांपूर्वी गेलं होतं. पान्हा कोंडून ती कुणाला हात लावू देत नव्हती, आणि ओलं गवत मिळालं नाही तर दूध आटलं असतं.

"बांधाला गवत नाही का आजी?" मी विचारलं. आता विचारतेय ही मला लाज वाटण्यासारखी गोष्ट होती.

"कंचा बांध? समद्यांनी औषीद मारलंय. सोयाबीन हिरवं आन बांध जळक्यावानी. शेळीनं काय दगड खायाचं?"

मी अंगणातल्या दगडावर बसले. "मी केस करणार नाही. जागा सांगा."

"कागूद करनार न्हाय म्हंता आन कागूदच करता तुमी."

हे खरं होतं. मी त्यांना आधीच्या पाडसाची गोष्ट सांगितली. कुणालाच सांगितली नव्हती, नोंदवहीत फक्त 'मृत' एवढा शब्द आहे. उचललं कसं, खोकं कसं केलं, बाटली कशी धरली, सगळं सांगितलं.

आजींनी पाडसाच्या पोटाखालचा हात न काढता विचारलं, "काय पाजलं व्हतं?"

"गाईचं दूध."

"ढाळ लागली?"

"दुसऱ्या दिवशी."

जन्मभर शेळ्या राखलेली बाई. त्यांनी पाडस मांडीवर घेतलं, शेपूट वर केली आणि बघितलं. मागचे पाय पातळ हगवणीनं चिकट झाले होते. त्यांनी ते पदरानं पुसले, पुन्हा बघितलं आणि मग पाडसाला छातीशी धरून उठल्या.

"तळ्याच्या वरल्या अंगाला. सीताफळीची तीन झाडं हायती, त्याच्या खाल्ल्या बाजूला. चला."

माझ्या मोटारसायकलवर मागं आजी बसल्या, पदरात पाडस. गावातून जाताना लोकांनी हात हलवले. वेशीवर फ्लेक्सवाला समोरून येत होता, त्यानं गाडी थांबवून फ्लेक्स उलगडायला सुरुवात केली. मी थांबले नाही. मागं शेळी ओरडत होती ते बरंच लांबपर्यंत ऐकू आलं.

घाटाच्या कच्च्या रस्त्यानं पठारावर चढलो. पुढं गाडी जात नाही. मी बाटलीतलं पाणी रुमालावर घेऊन पाडसाचं हळदीकुंकू पुसलं. कुंकू गेलं, हळद गेली नाही. मग मी कुसळीचा पाला आणि तळ्याकाठची ओली माती चोळून माझे हात, आजींचे हात आणि पाडसाचं अंग माखलं. माणसाचा वास लागला म्हणून हरणी लेकरू टाकत नाही, हे मी वाचलं होतं. शाल, गोधडी, उदबत्ती आणि अख्ख्या गावाचे हात यांबद्दल कुठं काही लिहिलेलं नव्हतं.

ऊन पिवळं झालं होतं. तळ्याचं पाणी एकदम स्थिर. टिटवी उठली, डोक्यावरून दोन चकरा मारून ओरडली आणि बसली. पलीकडच्या टेकडीच्या उतारावर रोज तीन-चार चिंकारे असतात. मी दुर्बिणीनं बघितलं, एकही नव्हता. काठाकाठानं चालताना मुरमाच्या ओल्या पट्ट्यात लांडग्याचे पाय उमटलेले दिसले, कडा अजून कोरड्या झालेल्या नव्हत्या. आजींनीही ते बघितले आणि पाडस दुसऱ्या हातावर घेतलं.

सीताफळींच्या खाली पोचलो. आजींना जागा बरोबर माहीत होती, कारण गवत कापल्याचा चौकोन तिथं होता आणि कापलेला भारा तसाच पडला होता. पाडस दिसल्यावर त्यांनी भारा टाकून पाडस उचललं होतं. जवळच ओल्या मातीत त्यांच्या चपलेचे कालचे ठसे होते. मी वाकून बघितलं. ठशांवर खूर उमटलेले होते. बारीक, टोकदार, खूप. पुढं गेलेले, मागं आलेले, त्याच दोन हातांच्या जागेत पुन्हा पुन्हा फिरलेले. एका चपलेचा तर आकारच त्या खुरांनी मोडून टाकला होता.

मी आजींना बोटानं दाखवलं. आजी खाली बसल्या आणि त्यांनी वाकून ते बघितले.

"ठेवा," मी म्हणाले.

त्यांनी पाडस गवताच्या मुळाशी ठेवलं. ठेवताच त्यानं पाय पोटाखाली घेतले, मान लांबवली, हनुवटी जमिनीला टेकवली. पारावर पडलं होतं तसंच. दोन पावलं मागं सरकले तर मला ते दिसेनासं झालं, आणि मी त्याच्याकडंच बघत होते.

नोंदवहीत त्या दिवसाचं मी लिहिलंय, 'गस्तीदरम्यान पाडस गवतात आढळले, जागेवर ठेवले.' दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मधला एक दिवस लिहिलेला नाही. साहेबांनी वाचलं, चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं आणि सही केली.

आम्ही शंभरेक पावलांवर, बोराच्या झुडपामागं पालथ्या पडलो. वारा तळ्याकडून आमच्या अंगावर येत होता, म्हणजे आमचा वास तिकडं जात नव्हता. आजींना पालथं पडायला त्रास झाला, पण मी बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत. मी घड्याळ बघत होते. साडेपाच. पावणेसहा. पाणकावळे उडून गेले. मी मनातल्या मनात ठरवायला लागले की अंधार पडायला लागला आणि ती आली नाही, तर उचलायचं की तिथंच ठेवायचं. उचललं तर मरणार, ठेवलं तर लांडगा. मला भीती वाटत होती, आणि ती फक्त पाडसाबद्दलची नव्हती. दुसऱ्यांदा मला ते बघायचं नव्हतं.

आजींनी माझ्या मनगटाला हात लावला. त्यांना दुर्बीण नव्हती, तरी आधी त्यांनाच दिसलं.

टेकडीच्या उतारावर गवतात एक शेपूट हलत होती.

हरणी थेट आली नाही. चार पावलं यायची, थांबायची, कान फिरवायची, पुढचा एक पाय आपटायची, पुन्हा लांब जायची. एकदा ती इतकी लांब गेली की मी दुर्बीण खाली ठेवली. मग ती वळली आणि सीताफळींपर्यंत आली. गवतात कुठंच काही हललं नाही. तिनं मान खाली घातली आणि नाकातून एक आवाज केला, इतका हलका की वारा आमच्याकडं नसता तर ऐकूच आला नसता.

पाडस उभं राहिलं.

कुणी हात न लावता, चारही पायांवर. पाय थरथरत होते, पण ते धावतच तिच्या पोटाखाली शिरलं आणि ढुशा द्यायला लागलं. हरणीनं त्याचं कपाळ हुंगलं, मागं सरली, पुन्हा हुंगलं. मग चाटायला लागली. कपाळापासून चाटत चाटत मागच्या पायांपर्यंत गेली. मी रडत होते. आवाज होऊ नये म्हणून शर्टाची बाही तोंडात धरली होती.

आजी अगदी हळू बोलल्या. "कालधरनं म्या त्येला ऊट बाळा, ऊट बाळा करायले. न्हाय उटलं. मला वाटलं, पायात जीव न्हाय त्येच्या." तिकडंच बघत त्या पुढं म्हणाल्या, "तिनं हितंच बस म्हनून सांगिटलं व्हतं त्येला."

"हो."

"आन ती काल रातच्याला बी येऊन ग्येली आसंल?"

खोटं बोलता आलं असतं. त्या दिवशी मी बरंच खोटं बोलले होते. पण खुरांचे ठसे दोघींनीही बघितले होते.

"आली असेल आजी. रात्रभर येत असेल."

आजींनी मान हलवली. मग त्या कोपरांवर सरकत मागं झाल्या, उठल्या नाहीत, उताराच्या आड गेल्यावर पायांतल्या चपला काढून त्यांनी हातात घेतल्या. वाळक्या गवतावर चपला वाजतात. मी बूट काढले. उतार संपेपर्यंत आम्ही दोघी तशाच अनवाणी चालत गेलो. कुसळं तळपायांत मोडत होती, पण काढायला कुणीच थांबलं नाही.